जेवणाच्या सुट्टीतले जिवाणू

प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या काकांना नोकरीत एकोणीस वर्षं झाली होती आणि एकोणीस वर्षं ते हंगामीच होते. त्यांना कायम करायचा कागद सरांच्या टेबलावर होता, फक्त सही बाकी होती. संध्याकाळी रिकामा डबा हातात घेताना काकू रोज विचारायच्या, "झाली का हो सही?"

पण सर कामात होते. त्यांना म्हणे जगावेगळे जिवाणू सापडले होते. साध्या जिवाणूंपुढे दोन साखरा ठेवल्या तर ते आधी ग्लुकोज फस्त करतात. मग दुधातली साखर आत घ्यायला वेगळी दारं लागतात. ती तयार होईपर्यंत पठ्ठे वाढायचं सोडून स्वस्थ बसतात. सरांचे जिवाणू मात्र बसतच नव्हते! आलेखाची रेघ सरळसोट वर. आता बक्षीस द्यायचं का, हे ठरवायला बाहेरून एक बाई येणार होत्या.

काकांना त्या रेघेतली गोम ठाऊक होती. प्रयोग रोज सकाळी ठरल्या वेळी लागे आणि द्रावण किती गढुळलं, म्हणजे जिवाणू किती वाढले, याचा यंत्रावरचा आकडा दर दहा मिनिटांनी लिहायचा असे. पण एकाच्या ठोक्याला सगळे विद्वान जेवायला पळत आणि दोनला येऊन मधली जागा पट्टीने जोडत. काका दाराबाहेर स्टुलावर डबा खात. तिथून यंत्र दिसे. सव्वा ते पावणेदोन आकडा जागचा हलत नसे.

बाई आल्या. एक वाजला. "चला, आधी जेवून घेऊ," सर म्हणाले.

"तुम्ही नाही येत?" बाईंनी काकांना सहज विचारलं.

सरांनी डोळे वटारले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काकांना कळत होतं. काकूही डोळ्यांपुढे आल्या. पण ज्या जिवाणूंची भांडी एकोणीस वर्षं घासली, त्यांच्याबद्दल खोटं ऐकून घेणं त्यांच्या जिवावर आलं.

"मी इथंच असतो, बाई. या वेळेला हे जिवाणूही जरा बसतात."

बाईंनी स्टूल ओढलं. पावणेदोनपर्यंत दोघं यंत्राकडे बघत राहिले. सव्वापासून आकडा ढिम्म. "जिवाणू चारचौघांसारखेच आहेत हो," बाई उठताना म्हणाल्या, "जगावेगळी आहे ती तुमची जेवणाची सुट्टी."

दुसऱ्या दिवशी काकांनी धीर करून कागदाचं विचारलं. एक वाजत आला होता.

"जेवून आल्यावर बघू," सर म्हणाले.

त्यानंतर सर पुष्कळदा जेवून आले. जिवाणूंचं बरं असतं, अर्ध्या तासात त्यांचं नवं दार तयार होतं. काका अजून बसलेत.