मेहुणीचे पोहे आणि माझं पोहणं

मी खेळाडू आहे ही गोष्ट आमच्या घरात फक्त मलाच माहीत होती.

बाकीच्यांच्या लेखी मी धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत टपालाची आवक-जावक बघणारा, पोट सुटत चाललेला आणि दळण वेळेवर न आणणारा गृहस्थ होतो. पण कॉलेजात असताना मी एकदा धावलो होतो. (मागे कुत्रं होतं. पण धावलो होतो!) त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या महाजनने एका तरुण मंडळाचं पत्रक आणून दाखवलं तेव्हा माझ्यातला खेळाडू ताडकन उठून बसला. शर्यतीचं नाव होतं ट्रायथलॉन. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं. सगळं लागोपाठ, मधे कुठे टेकायचं नाही.

"त्यात काय?" मी चहाचा कप खाली ठेवत म्हणालो. "एका वेळी एकच तर करायचंय!"

महाजनने तिथल्या तिथे माझं नाव पाठवून दिलं.

शर्यत होती सावद्याला, म्हणजे थेट माझ्या सासुरवाडीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या तलावात पोहायचं, तिथून सायकलवर सावदा गाठायचं आणि मग केळीच्या बागांमधल्या रस्त्याने शाळेच्या मैदानापर्यंत धावायचं. शैलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, कोपऱ्यावरच्या पिवळ्या एसटीडी बूथवरून आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ही बातमी कळवली. लाइनीत खरखर फार. आबांना 'ट्रायथलॉन'च्या जागी 'त्रिस्थळी' ऐकू आलं.

"काशीले चालले का जावाईबापू?" आबा तिकडून ओरडले. "या वयात? तब्येत बरी आहे ना त्यायची?"

सरावाचं म्हणाल तर संसारी माणसाला जितका जमतो तितका मी केला. धुळ्यात तेव्हा नळाला पाणी येणं हाच सण होता, पोहायला कुठून मिळणार? मी बैठकीत स्टुलावर पालथा पडून हातपाय मारायचो. आमची चार वर्षांची पिंकी लगेच पाठीवर चढून "चल रे घोड्या!" करायची. शेजारच्या अक्का एकदा विरजण मागायला आल्या, दारातून हे दृश्य पाहिलं आणि विरजण न घेताच परत गेल्या. सायकलचा सराव म्हणजे गिरणीपर्यंत, मागे दळणाचा डबा बांधून. आणि धावण्याचा सराव पिंकीच्या मागे दुधाचा पेला घेऊन. (यात ती नेहमी जिंकायची.)

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की त्याच रविवारी, त्याच सावद्यात, माझ्या मेहुणीला बघायला पाहुणे येणार आहेत.

हे लक्षात यायला मला इतका वेळ लागायला नको होता, कारण हे स्थळ मीच आणलं होतं आणि तो रविवारही मीच ठरवला होता! मुलगा साक्रीकडचा. नाव प्रकाश. शाळेत मास्तर, उंचापुरा आणि अतिशय अबोल. त्याच्या वाटचं सगळं बोलणं त्याचे काका करायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. लहानपणापासून प्रकाशला त्यांनीच वाढवलेलं, त्यामुळे नाना 'हो' म्हणाले तर हो. सुनंदाची, म्हणजे माझ्या मेहुणीची, दोन स्थळं आधी फिसकटली होती. आबांनी या स्थळावर फार आशा ठेवली होती, आणि मी मध्यस्थ!

"आता?" शैलाने कमरेवर हात ठेवले.

"काही काळजी करू नकोस. शर्यत सकाळी लवकर आहे. पाहुणे येईपर्यंत मी अंघोळ करून, सफारी घालून दारात उभा असेन."

पण शर्यतीचं उद्घाटन करायला प्रमुख पाहुणे येणार होते, हे मी धरलंच नव्हतं. सकाळी आम्ही सगळे स्पर्धक चड्डी-बनियनवर तलावाकाठी कुडकुडत उभे, आणि प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही! सूर्य चांगला वर आला, आमची थंडी पळाली, काहींची उमेद पळाली, तेव्हा कुठे साहेबांची गाडी आली. मग नारळ, मग हार, मग भाषण. सुनंदाला बघायला येणारे पाहुणे साक्रीहून निघून पार जळगाव ओलांडून आले असतील, असा मी मनातल्या मनात हिशेब करत होतो, तेवढ्यात शिट्टी झाली.

स्टुलावरचं पोहणं आणि पाण्यातलं पोहणं यात एक बारीकसा फरक असतो. पाण्यात स्टूल नसतं! पहिल्या झटक्यात माझ्या पोटात बराचसा तलाव गेला. कानांत पाणी, तोंडात शेवाळ. निम्म्या वाटेवर डोकं वर काढतो तर समोर एक म्हैस. ती निवांत डुंबत होती, मी बुडत होतो. मी तिच्या पाठीवर हात टेकून जरा दम घेतला. (हे नियमात बसतं की नाही कोण जाणे. तिने तक्रार केली नाही.) कसाबसा काठाला लागलो, पायांत कॅनव्हासचे बूट घातले आणि सायकलवर टांग मारली.

उतार होता, वारा पाठीशी होता. सावदा आलं आणि मला एकदम खेळाडू असल्यासारखं वाटायला लागलं. तेवढ्यात आबांच्या घरासमोर, रस्त्याच्या मधोमध, ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करून शैला उभी!

"उतरा!"

"अगं, शर्यत चाललीय!"

"पाहुणे येऊन बसलेत. नानांनी तीनदा विचारलं, मध्यस्थ कुठे आहे म्हणून. दोन मिनिटं तोंड दाखवा आणि जा कुठे जायचं ते!"

तिने मला मागच्या दाराने आत ओढलं. ओली चड्डी, ओलं बनियन, त्यावर टाचलेला नंबर, चिखलाचे बूट, सगळं काढून घेतलं आणि मला बिस्किटी रंगाच्या सफारीत कोंबून बैठकीत ढकललं.

बैठकीत सगळे गंभीर. आबा ताठ बसलेले, प्रकाश जमिनीकडे बघत बसलेला, आणि मधोमध पांढरी टोपी घातलेले नाना. माझ्या केसांतून पाणी निथळत होतं.

"कथा व्हतात पाव्हना?" नानांनी अहिराणीत विचारलं, कुठे होतात म्हणून.

"अंघोळीला," मी म्हणालो. तसं ते खोटंही नव्हतं.

माझ्या हातात बशी आली. सुनंदाने स्वतः केलेले पोहे सगळ्यांना दिले होते. त्यातले मी चार घास भराभर गिळले. नाना माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. ते म्हणाले होते, "पोहा कशा वाटनात?" पण माझ्या दोन्ही कानांत तलाव! मला फक्त 'पोह' आणि 'वाट' एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, शैलाने शर्यतीबद्दल सांगितलं असणार, बिचारे कौतुकाने पोहण्याबद्दल विचारतायत.

"काही विचारू नका नाना!" मी मोकळेपणाने सांगितलं. "सुरुवातीला तर अंगावर काटाच आला! एकदम गार! आणि नुसतं शेवाळ हो, शेवाळ! नाकातोंडात गेलं. मला वाटलं, आता काही मी वाचत नाही."

बैठकीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. (मला सोडून.) नानांनी घास तोंडाजवळ नेला होता, तो परत बशीत ठेवला.

"आणि मधेच ही एवढी म्हैस निघाली!" मी हात पसरून दाखवलं.

नाना आपली बशी वाकडी करून खालीवर बघायला लागले. आबांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला. दाराच्या पडद्याआडून शैलाने मला अशी खूण केली की तिचा अर्थ समजायला कान लागत नाहीत.

सुनंदा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. नाना तसे समजूतदार. विषय बदलावा म्हणून ते थेट मुद्द्यावरच आले. "बोल रे प्रकाश, पोर पसंत शे का?"

सगळे श्वास रोखून प्रकाशकडे बघायला लागले. आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला! तलावातल्या गार पाण्यानंतर मी पाय मुडपून बसलो होतो, त्याचा त्याने सूड घेतला.

"आई गं! नको! नको! नको रे बाबा!" मी किंचाळत उभा राहिलो.

हे मी पायाला म्हणत होतो. पण ते बैठकीला कसं कळणार?

"काय झालं तुमाले?" आबा गरजले. "स्थळ तुमीच आनलं अन् आता तुमीच नको म्हन्ता?"

खुलासा करण्यात अर्थ नव्हता. माणसाने कुठे थांबावं हे त्याला कळलं पाहिजे. मी लंगडत दाराकडे धावलो, ओसरीवरचे पांढरे बूट पायांत सरकवले, सायकल उचलली आणि सुटलो.

गावाच्या टोकाला सायकली जमा करायची जागा होती. तिथला कार्यकर्ता मला बघून धावत आला. "साहेब, इथे नका लावू. ही स्पर्धकांची जागा आहे."

"अहो, मीच स्पर्धक!"

तो माझ्या सफारीकडे बघून नम्रपणे हसला. मी सायकल त्याच्या अंगावर सोडली आणि पळायला लागलो. चार पावलं टाकली आणि कळलं की बूट पायात असल्यासारखे वाटतच नाहीत. फटॅक फटॅक! फटॅक फटॅक! पाणी पिऊन पाय आक्रसले की काय? मग डोक्यात प्रकाश पडला. आणि बूटही प्रकाशचेच होते! माझे कॅनव्हासचे मागच्या दारी राहिले होते, आणि मी निघालो होतो पुढच्या दाराने.

तेवढ्यात मागून पाहुण्यांची जीप आली. जीपमध्ये नाना, आबा, शैला, तिच्या मांडीवर पिंकी, मागे अनवाणी प्रकाश, आणि गडबडीत ट्रे हातात घेऊनच चढलेली सुनंदा!

"पाव्हना!" नाना बाहेर लोंबकळत ओरडत होते. "बूट! बूट!"

मला ऐकू आलं, "सूट! सूट!" मला भरून आलं. मुलगी बघायला आलेली माणसं आणि एवढं प्रोत्साहन! मी सुटलो. फटॅक फटॅक करत मी एका स्पर्धकाला मागे टाकलं. (तो केळीच्या सावलीत बसून केळ खात होता, पण मागे टाकलं ते टाकलं!)

पुढे केळीचे घड लादलेला ट्रॅक्टर आडवा आला, जीप अडकली. मी ट्रॅक्टरला वळसा घालून निसटलो. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच, कुणालाही न विचारता, प्रकाशने एक निर्णय घेतला. त्याने जीपमधून उडी मारली आणि अनवाणी धावायला सुरुवात केली. त्या मास्तराचं धावणं काय वर्णावं! शाळेच्या फाटकाशी त्याने मला गाठलं, माझी कॉलर धरायला हात पुढे केला, माझ्या पायातला एक बूट निसटला, मी कोलमडलो, आणि प्रकाश त्याच वेगात माझ्यावरून उडी मारून थेट शेवटच्या रेषेपलीकडे! मैदानात टाळ्यांचा कडकडाट. कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला, कुणी ग्लुकोजचं पाणी पाजलं. तो "मी नाही, मी नाही" म्हणत होता, पण विनयशील खेळाडू सगळ्यांनाच आवडतो.

मी रांगत रेषा ओलांडली. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

एव्हाना जीप पोचली होती. आबा नानांपुढे हात जोडून उभे राहिले. "नाना, माफ करा. आमच्या जावायाचं डोकं जरा…"

"आबा," मागून सुनंदाचा आवाज आला. ती ट्रे छातीशी धरून उभी होती आणि हसू दाबता दाबता तिचे खांदे हलत होते. "मला हे स्थळ पसंत आहे. आपल्या घरात पळता येणारं कुणीतरी पाहिजे."

सगळे प्रकाशकडे बघायला लागले. प्रकाश हार सावरत, कानापर्यंत लाल होत, म्हणाला, "पोहे छान होते. मला तरी म्हैस लागली नाही."

नाना एवढे हसले की त्यांची टोपी पडली. "जमनं!" ते ओरडले. "बठ्ठं जमनं!" सगळंच जमलं म्हटल्यावर सगळी मंडळी साखर वाटायला घरी गेली. मध्यस्थाला बरोबर घ्यायचं कुणालाच सुचलं नाही.

मी धापा टाकत मैदानात उभा होतो. सफारी घातलेला, घामाघूम, पायात एकच बूट असलेला माणूस बघून मंडळाच्या एका कार्यकर्त्याला वाटलं, हे तालुक्याहून आलेले कुणी साहेबच असणार. तो मला हाताला धरून मंचावर घेऊन गेला आणि त्याने मला प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची दिली. चहा दिला. गुलाबाचं फूल दिलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण खुर्ची मऊ होती.

बक्षीस समारंभ काही सुरू होईना. ऊन तापलं, माणसं चुळबुळायला लागली. प्रमुख पाहुण्यांनी वैतागून विचारलं, "आता कशासाठी थांबलोय?"

"साहेब, एक स्पर्धक अजून यायचाय," कार्यकर्ता कागद बघत म्हणाला. "धुळ्याचा आहे. सायकल सापडलीय, माणूस सापडत नाही."

"कमाल आहे!" साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "झेपत नाही तर ही माणसं भाग घेतातच कशाला हो?"

मी चहाचा घोट घेतला, रस्त्याच्या दिशेने लांबवर एक नजर टाकली आणि म्हणालो, "मलाही तेच कळत नाही, साहेब. पण आणखी पाच मिनिटं वाट बघू. बिचारा येतच असेल!"