फळ्यावर न चढलेलं वाक्य

आम्ही लंडनजवळ स्टॅनमोरला राहायचो. मुलगा डॉक्टर, सून डॉक्टर, आणि मी दोन बस बदलून क्वेकर लोकांच्या एका प्रार्थनाघरात लाद्या पुसायला जायचे. सुनेला लाज वाटायची. मला घरी बसून टीव्ही बघण्याची जास्त लाज वाटायची.

क्वेकर म्हणजे ख्रिस्तीच, पण पाद्री नाही की भजन नाही. गोल करून गप्प बसतात. काही ठरवायचं असलं तरी हात वर करून मोजत नाहीत. एकाला जरी पटलं नाही, तरी विषय पुढच्या महिन्यावर. मला आधी वाटलं होतं, काय भली माणसं.

एकोणीसशे ब्याऐंशी साली त्यांच्या एका पुढाऱ्याने अमेरिकेत वसाहत वसवल्याला तीनशे वर्षं झाली, म्हणून हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. मोठाले फळे. त्यांवर चित्रं: जहाजं, रुंद टोप्या, तिथल्या मूळ लोकांशी झाडाखाली तलवारीशिवाय केलेला करार. या क्वेकरांतलीच एक जमैकाची बाई होती, हॉस्पिटलात आयाचं काम करून रिटायर झालेली. ती सभेत म्हणाली, ती वसाहत वसवणाऱ्या मोठ्या माणसाकडे गुलाम होते, तेवढं एक वाक्य लिहा. हे खोटं आहे असं कोणीच म्हणालं नाही. प्रदर्शनाचं बघणारे एक निवृत्त हेडमास्तर तेवढे म्हणाले, त्यांचं मन अजून तयार नाही. झालं. विषय पुढच्या महिन्यावर. पुढच्या महिन्यातही त्यांचं मन तयार नव्हतं.

मी मागे कप मांडत ऐकायचे. सगळे डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसलेले, जणू देवच येऊन त्या बाईला गप्प करणार होता. मला शिसारी आली. शिव्या देणारा परवडला, त्याचं तोंड तरी दिसतं.

प्रदर्शन उघडलं, वाक्याशिवाय. अमेरिकेचे पाहुणे आले. हेडमास्तरांनी बाईला फळ्याजवळ फोटोला बोलावलं. एवढ्या गोऱ्या चेहऱ्यांत ती एक हवी होती.

"आधी वाक्य, मग मी," ती म्हणाली.

ते हसले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात माझ्याकडे आले. तुम्ही या ना, साडी छान दिसेल.

"मी चहा ओतायला आलेय," मी म्हणाले, "तुमची भोकं बुजवायला नाही."

माझ्या मोडक्या इंग्रजीत त्यांना काय कळलं कोण जाणे. चहा मात्र मी त्यांना दिला नाही.

पाहुणे गेल्यावर सभा बसली. फळे कायमचे हॉलच्या भिंतीवर लावायचे, असा विषय. सगळे माना डोलवत होते. बाई उठली आणि हेडमास्तरांच्याच सुरात म्हणाली, "माझं मन अजून तयार नाही."

नियम त्यांचाच होता. विषय पुढच्या महिन्यावर गेला, मग त्याच्या पुढच्या. गुडघे धरून, बर्फातसुद्धा, ती एकही सभा चुकवायची नाही. मला म्हणायची, "आता मरायलाही फुरसत नाही बघ मला."

ते वाक्य त्यांनी कधीच लिहिलं नाही. एक ओळ लिहिण्यापेक्षा सगळे फळे माझ्या झाडूच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवणं त्यांना सोपं वाटलं. मी काम सोडलं तेव्हाही ते तिथेच होते. मी त्यांच्यावर लादीचं फडकं वाळत घालायचे.