डिव्हिजनचं खेचर

लढाईहून परतणाऱ्या माणसानं काय आणावं याबद्दल आमच्या गावाच्या कल्पना ठरलेल्या होत्या. घड्याळ आणावं, लोकरीचं जाड कांबळं आणावं, अगदीच काही नाही तर टिनाची पेटी तरी आणावी. मी खेचर आणलं. रिसोडच्या बाजाराला निघालेल्या बाया वेशीत भेटल्या, त्यांनी डोक्यावरच्या टोपल्या सावरत मला आणि खेचराला आळीपाळीनं पाहिलं, आणि मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली.

माझा बा ओसरीवर दोर वळत बसला होता. त्यानं दोर खाली ठेवला नाही.

"जीव घिऊन आला, हे चांगलं झालं," तो म्हणाला. "पन डोस्कं तिकडंच ठिवून आला काय?"

मी पाया पडलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. तेवढ्यापुरतं खेचर माफ होतं.

आम्ही दोघं गेलो होतो लढाईला. मी, आणि शेजारच्या काकूचा मुलगा. माझी आई मी रांगत असतानाच गेली. तेव्हापासून काकूच्या चुलीपुढं दोन ताटल्या असत, एक त्याची आणि एक माझी. काकूनं कधी भाकर मोडताना मोठा तुकडा कोणाचा हे पाहिलं नाही. भांडलो तर मारही दोघांना सारखाच. वाशीमला भरती निघाली तेव्हाही आम्ही एकाच बैलगाडीतून गेलो. त्याला रायफल मिळाली. मला साहेबानं विचारलं, बैल हाकता येतात का? मी छाती फुगवून हो म्हणालो आणि माझ्या हातात खेचराचा लगाम आला. फौजेत खेचरवाल्याला ड्रायव्हर म्हणत. गावात कळलं की मी ड्रायव्हर झालो, तेव्हा बा म्हणे कितीतरी दिवस मोटरीच्या गप्पा मारत होता.

पण दोघं एकाच डिव्हिजनमध्ये पडलो, हे आमचं नशीब. सुट्टीवर आलो तेव्हा बानं विचारलं होतं, "डिवजन म्हनजे किती मोठं असते रे?"

"रिसोडचा बाजार हाय ना बा, तो सारा उठून चालाले लागला, अन् त्याच्या मांगं सारं वाशीम चालाले लागलं, इतकं."

"मंग खातेत काय?"

हा प्रश्न फक्त शेतकऱ्यालाच सुचतो. आणि त्याचं उत्तर म्हणजे आम्ही, खेचरवाले. पुढं पलटणी लढत, आणि त्यांच्यामागं न्हावी, चांभार, लोहार, डाक, दवाखाना आणि पीठ-डाळ असं एक अख्खं गाव चालत असे.

आमची डिव्हिजन लढाईपुरती जन्मली आणि लढाईबरोबर संपली. दख्खनच्या एका उघड्या माळावर तंबू ठोकून ती उभी राहिली. वाळवंटात जायचं म्हणून सगळ्या गाड्या मातकट रंगवल्या. रंग वाळतो न वाळतो तो हुकूम आला की वाळवंट नाही, जंगल. मग त्याच गाड्या हिरव्या रंगवल्या आणि आम्हाला छिंदवाड्याकडच्या सागवानात नेऊन सोडलं. तिथून रांची, रांचीहून रेल्वे संपते तिथपर्यंत आसामात, आणि पुढं ब्रह्मदेशाच्या डोंगरात. तळ किती बदलले, पण प्रत्येक तळ तसाच. दवाखाना या बाजूला, स्वैपाकाचा लंगर त्या बाजूला, वाऱ्याच्या उलट अंगाला खेचरांच्या रांगा. अंधारात डोळे मिटून गेलो तरी माझ्या खुंट्यापाशी पोचत असे. लोक लढाईला शिव्या देतात, मीही देतो. पण ज्या डिव्हिजननं मला पायात बूट घालायला शिकवलं, मलेरियाच्या गोळ्या चारल्या, पंजाब्याच्या आणि मद्रास्याच्या ताटात जेवायला बसवलं, तिला मी शिव्या देणार नाही. तिथं नियम होता की आधी जनावरानं खायचं, मग माणसानं. हे ऐकून मला पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं होतं.

हे खेचर मला रांचीच्या तळावर मिळालं. सातासमुद्रापलीकडून जहाजानं आलेलं, काळपट तांबडं, उजव्या कानाला चीर पडलेलं. जंगलात ओरडलं तर जपान्यांना तळ कळेल म्हणून डॉक्टरांनी त्याचा आवाजच काढून टाकला होता. मान ताणून तोंड उघडायचं, आणि नुसता वारा बाहेर यायचा. मला त्याची दया येई. मी त्याच्याशी वऱ्हाडीत बोले, आणि पलीकडचा पंजाबी हवालदार म्हणे की आता जनावरही बिघडणार.

डोंगरातल्या एका चढाईत काकूच्या मुलाच्या पोटात गोळी लागली. त्याच आठवड्यात मी मलेरियानं आडवा झालो होतो. जखमी माणसांना खाली दवाखान्याच्या तळावर न्यायचं तर खेचराच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुर्च्या अडकवत, एका अंगाला एक माणूस, दुसऱ्या अंगाला दुसरा. माझ्याच खेचरावर आम्हा दोघांना बांधलं आणि दुसऱ्या ड्रायव्हरनं लगाम धरला. मी खाली जिवंत पोचलो. तो नाही.

लढाई संपल्यावर डिव्हिजन मोडली. तंबू गुंडाळले, माणसं आपापल्या गावी निघाली, आणि आमची जनावरं कामठीला लिलावात उभी राहिली. दलाल त्यांचे दात पाहत होते. मला ते बघवलं नाही. ज्याच्या पाठीवरून मी मरणातून उतरलो, ते कोणाच्या तरी वीटभट्टीवर मरणार, एवढंच मनात आलं. हाती आलेल्या पैशातून मी ते घेतलं आणि कामठीहून कारंज्यावरून पायी गाव गाठलं.

गावात दोन अडचणी निघाल्या. पहिली खेचराची. खेचराला पिल्लू होत नाही हे सगळ्यांना माहीत.

"वांझ जनावर हाय ते," बा म्हणाला. "वांझ जनावर वावरात घातलं त वावर वांझ होते. डवऱ्याले जुपशीन त मले इचारू नको."

मी डवऱ्याला, कोळपणीला, जुंपलं नाही. तरी आमच्या खालच्या तुकड्यात ज्वारी विरळ उगवली आणि दोष खेचराला लागला. पोळा जवळ आला तसा बा हट्टाला पेटला. बैलाच्या सणाला गोठ्यात वांझ जनावर नको, पोळ्याच्या आधी ते गेलंच पाहिजे. त्यानं शिरपूरच्या एका वीटभट्टीवाल्याशी बोलणंही केलं. भट्टीवर खेचराचं काय होतं हे मी पाहिलं होतं. पाठ सोलून निघते आणि दोन उन्हाळे काही ते काढत नाही. आम्हा दोघांना याच्याच पाठीवर बसवून खाली आणलं, हे मी बाला शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, भांडलो, रुसून जेवलो नाही. तो म्हणाला, जेव नाही तर नको जेवू, खेचर जाईल.

दुसरी अडचण काकूची होती. मी आल्यापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. पोरगा गेल्याची तार तिला कधीच आली होती. तिनं बैल विकून टाकले होते आणि वावर बटाईनं दिलं होतं. मी तिच्या दारात दोनदा गेलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि आत निघून गेली. विचारलं काहीच नाही. मलाही सांगायला तोंड नव्हतं. जिवंत माणूस मेलेल्याच्या आईसमोर काय बोलणार.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, हळद-लोणी चोळायचं आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. बा आमच्या दोन बैलांपाशी बसला होता. मी खेचराला शेवटचं पाणी पाजत होतो. त्याच संध्याकाळी भट्टीवाला येणार होता, आणि मी गोठ्यात असा उभा होतो की कोणी मला काही विचारू नये.

तेवढ्यात काकू आली. हातात वाटी, वाटीत लोणी आणि हळद. तिच्या घरी आता बैल नव्हते, तरी तिनं लोणी काढलं होतं. बाला वाटलं ती आमच्या बैलांसाठी आली, म्हणून तो बाजूला सरकला. ती बैलांवरून पुढं गेली आणि खेचरापाशी थांबली.

"माह्या लेकाले कोन्या बाजूनं बसवलं होतं?"

इतक्या महिन्यांत तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणालो, डाव्या. ती डाव्या अंगाला गेली आणि खेचराच्या खांद्याला लोणी लावू लागली.

मग मला थांबता येईना. मी तिला सगळं सांगितलं. तो अर्ध्या वाटेतच गेला होता, हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. मान माझ्याकडं कलली होती, पाणी मागितलं, आणि गेला. लगाम धरणाऱ्यानं त्याला उतरवलं नाही. एका अंगाचं वजन काढलं असतं तर दुसऱ्या अंगानं खोगीर फिरलं असतं आणि त्या कड्यावरून मी दरीत गेलो असतो. म्हणून तो तसाच बसून राहिला, माझ्या वजनाला वजन देत, थेट तळापर्यंत.

काकू ऐकत होती आणि तिचा हात चालू होता. खेचरानं मान ताणून तोंड उघडलं, आणि नेहमीसारखा नुसता वारा बाहेर आला.

"मंग माह्या पोरानं तुले आनलं," ती म्हणाली.

"हो काकू. त्यानं अन् यानं."

बा बैलांपाशी उभा होता, हळदीचे हात तसेच धरून. काकूनं पळसाचं पान खेचराच्या खांद्याला टेकवलं आणि बैलांना म्हणतात ते म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

भट्टीवाला अंगणात आला तेव्हा ती अजून तिथंच होती. त्यानं दाव्याला हात घातला. बानं त्याचा हात बाजूला केला.

"आता नाई जमत," बा म्हणाला. "आवतन देल्लं त्याले. जेवाले बलावलेलं पावनं दावनीवरून कोन सोडते?"

"उद्या जेवू द्या, परवा नेतो."

"परवाबी नाई. हे आता घरचं हाय. जा तू."

भट्टीवाला बडबडत गेला. बा पुन्हा बैलांच्या खांद्यांकडं वळला आणि मला म्हणाला, झूल दोनच हायेत, तिसरी कुठून आनू ते सांग.  आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ दिलं, पण त्या संध्याकाळचं देणं मी अजून मोजू शकलो नाही.

काकूच्या वाटीत थोडं लोणी उरलं होतं. तिनं ते बोटांवर घेतलं, खेचराच्या पुढून वळसा घातला आणि उजव्या अंगाला येऊन उभी राहिली.

"या बाजूले तू होता ना, बापू?"

मी मान हलवली. तिनं त्या खांद्यालाही लोणी चोळलं, डाव्याला चोळलं तितकंच.