मेव्हिस पिकपचा परवाना

आमच्या गार्नेट स्ट्रीटवर कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला ठाऊक नसेल, तर त्या घरी चूलच पेटलेली नसणार, असं माझी बायको आयव्ही म्हणते. ती हे टोमणा म्हणून बोलते आणि मी कौतुक म्हणून ऐकतो. असाच चाळीस वर्षं संसार चाललाय. तेव्हा मेव्हिस पिकपबद्दल मी सांगतो ते खरं धरून चाला. तिच्या आणि माझ्या घरात एका विटेची भिंत होती.

मेव्हिसनं तीस वर्षं कापडगिरणीत माग चालवले. मागांच्या खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडच्या विणकर बायका नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचीचे ओठ वाचतात. मेव्हिस रस्त्याच्या पलीकडून तुमची भांडणं वाचायची. नवरा गेला, गिरणी बंद पडली, आणि मेव्हिसला स्नूकरचं, म्हणजे हिरव्या टेबलावरच्या त्या रंगीत चेंडूंच्या खेळाचं, वेड लागलं. कुठूनतरी तिनं वापरलेला रंगीत टीव्ही आणला. आमच्याकडे घरात टीव्ही असला की दरवर्षी पैसे भरून सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि त्याच पैशावर टीव्ही-रेडिओचे कार्यक्रम चालतात. परवाना मात्र काळ्या-पांढऱ्या टीव्हीचाच ठेवला, कारण रंगीतचा तिप्पट महाग. 'बदलायचा राहून गेला,' असं ती म्हणायची. बाई कधी शिवणाची सुईसुद्धा विसरली नव्हती, पण जाऊ द्या.

एका दुपारी परवाना खात्याचा माणूस आला. क्लिफर्ड टॅटरसॉल त्याचं नाव. डोंगरापलीकडचा, यॉर्कशायरचा, म्हणजे आमच्या लेखी परदेशीच. थंडीनं नाक लाल झालेलं. मेव्हिसनं त्याला आत घेतलं, चहा दिला, आल्याचा केक दिला. टीव्हीवर सामना चालू होता. रंग अगदी फिके करून ठेवलेले होते, म्हणून ती निर्धास्त.

"आता हा कुठला चेंडू मारेल, मिसेस पिकप?" टॅटरसॉलनं केक चघळत विचारलं.

"गुलाबी. निळा अडलाय ना त्या तपकिरीमागं," मेव्हिस म्हणाली.

त्यानं दुसरा तुकडा संपवला, बोटं पुसली, खिशातून फॉर्म काढला आणि तुम्ही जे बोलाल ते पुरावा म्हणून लिहून घेतलं जाईल, हे सरकारी वाक्य तिला वाचून दाखवलं.

कोर्टात दंड झाला. दंडाचं तिला काही वाटलं नाही. "माझा चहा पिऊन," एवढंच ती म्हणत राहिली. आमच्याकडे चहा घेतलेला माणूस निदान उंबरठा ओलांडेपर्यंत तरी तुमचा असतो.

शुक्रवारी गावच्या पेपरात तिचं नाव आलं. मासे-बटाट्याच्या दुकानात रांग लागली होती. एनिड बार्न्सनं ती बातमी मोठ्यानं वाचली, पिकप हे आडनाव दोनदा. मी म्हणालो, "आता मेव्हिसला तुरुंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गणवेश देणार, परवान्याला शोभेल असा." सगळी रांग हसली. मेव्हिस समोरच्या बसथांब्यावर उभी होती आणि दुकानाला ही एवढी काच. हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

पुढच्याच आठवड्यात तिनं टीव्ही विकला आणि टॅटरसॉलच्या मागे लागली. आमच्याकडे कपडे धुवायचे ते सोमवारी. मागच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या लागतात. इतर वारी कुणी चादर वाळत घातली तर घरात मयत झाली की काय म्हणून लोक विचारायला येतात. टॅटरसॉलची छोटी करडी गाडी कोपऱ्यावर दिसली की मेव्हिस गल्लीत एक हिरवा टेबलक्लॉथ टांगायची, मंगळवार असो की गुरुवार. तो फडकला की घराघरांतले टीव्ही बंद, त्यावर विणलेली झाकणं आणि वर फुलदाणी. तो बिचारा टेबलक्लॉथखालून वाकून जायचा. डोंगरापलीकडे सोमवारचं एवढं कडक नसावं.

क्लबात यावर वाद व्हायचे. मेव्हिस म्हणायची, "दूध नको असेल तर बाटलीत चिठ्ठी ठेवते, दूधवाला ऐकतो. इथं मात्र भांडं घरात आहे म्हणून पैसे द्या."

"आणि तू रेडिओवर दर रविवारी ब्रास बँड ऐकतेस, तो कुणाच्या पैशानं?" मी विचारायचो. "रेडिओला परवाना नाही. आमच्या टीव्हीच्या पैशावर तुझे बाजे वाजतात, बाई."

"तुझ्या? तू शेवटचा परवाना कधी घेतलास, विल्फ?"

मी बिअर पिण्यात गुंतायचो. खरं सांगायचं तर टेबलक्लॉथच्या भरवशावर आम्ही एकेकानं परवाना सोडूनच दिला होता. फुकट पाहायची सवय फार लवकर लागते, आणि आम्ही तिला तत्त्व म्हणायला लागलो होतो. एनिड तर सक्तीच्या फीविरुद्ध भाषणं करायची.

दोन वर्षांत गार्नेट स्ट्रीटवरून टॅटरसॉलला बिनपरवान्याचा एकही माणूस सापडला नाही. वरच्यांनी त्याला उचलून कुठल्याशा कोपऱ्यातल्या गोदामात बसवलं. ही बातमी मेव्हिसला मीच दिली, मोठ्या हौसेनं.

"बरं झालं," ती म्हणाली, टोपी घातली, पोस्टात गेली आणि पूर्ण पैसे भरून रंगीत परवाना घेऊन आली. संध्याकाळी नवा टीव्ही आला.

"हे काय, मेव्हिस? आणि तुझं ते दूधवाल्याचं?"

"फी असावीच, विल्फ. सगळ्यांनी भरावी. नाहीतर ते बँड कोण वाजवणार? मला फी नको नव्हती असं नाही. मला तो माणूस नको होता." तिनं टीव्ही लावला. "आणि तो एकटाच नव्हता."

मी त्या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

एप्रिलात नवा तपासनीस आला, पोरसवदा आणि भिडस्त. गल्लीत टेबलक्लॉथ नव्हता. मेव्हिसनं त्याला आत बोलावलं, परवाना दाखवला, चहा दिला, आणि बोलत बोलत चार वाजेपर्यंत बसवून ठेवला. चारला स्नूकरचा अंतिम सामना सुरू झाला. रस्त्यावरच्या प्रत्येक खिडकीतून एकाच समालोचकाचा आवाज येऊ लागला. मग मेव्हिस त्याला म्हणाली, "आता निघा, बाळ. तुमचा दिवस वाया जाईल."

अकरा घरं सापडली. नववं माझं.

कोर्टात मेव्हिस प्रेक्षकांत पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसली होती. प्रत्येक नाव पुकारलं की एक ओळ पुरी. एनिड रडली, तेव्हा मेव्हिसनं टाके मोजले. बाहेर पायऱ्यांवर तिनं मला अडवलं आणि काळ्या-पांढऱ्या गणवेशाचा माझा विनोद आवाज न करता, नुसते ओठ हलवून, शब्दन् शब्द म्हणून दाखवला. आयव्हीही विणकरीण. तिनंही वाचला आणि ती हसली. सगळ्यात जास्त मला ते लागलं.

वर्षभर गार्नेट स्ट्रीट मेव्हिसशी बोलला नाही. तिला त्याचं काही नव्हतं. पुढच्या एप्रिलात आमचा टीव्ही ऐन उपांत्य सामन्यात बंद पडला. मी तासभर मन आवरलं, मग जाऊन तिचं दार वाजवलं.

तिनं दार अर्धंच उघडलं. मागे टीव्हीवर हिरवंगार टेबल दिसत होतं.

"परवाना," ती म्हणाली.

"अगं, टीव्ही तुझा आहे."

"मला तुझा पाहायचाय."

मी घरी जाऊन घेऊन आलो. तिनं चष्मा लावला, दोन्ही बाजू वाचल्या, तारीख उजेडात धरून पाहिली. आत टाळ्या पडल्या, एक फ्रेम संपली. तिनं कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली.

"पाय पूस," ती म्हणाली. "आणि चहा मिळणार नाही."