आमचा वाघ

दादाची मुलगी आज गुडघ्याला बाम चोळत बसलेली. त्या वासासरशी वर्तकनगरच्या मैदानातली जुनी संध्याकाळ आठवली. कबड्डीची फायनल होती. निघताना शेजारच्या काकूंनी दादाला ओवाळलेलं, "आमचा वाघ!" म्हणत.

शेवटच्या चढाईत दादाची पकड झाली नि आम्ही हरलो. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "या जयभीमवाल्यांना घेतलं की हेच होणार!" मी काकूंकडे पाहिलं. त्या मान डोलवत होत्या.

घरी दादाने कपाळावरचा टिळा नळाखाली खरवडून काढला. तेव्हा मला वाटलेलं, हरल्याचा राग असेल. जिंकेपर्यंतच वाघाला जात नसते, हे कळायला वर्षं गेली.

आज पोरीची फायनल. काकूंची सून ताट घेऊन आली, "आमची वाघीण!"

दादा लेकीला एवढंच म्हणाला, "हरू नकोस गं."