कुलपाची गोष्ट मी टपरीवर सांगितली

माझं दुकान शेलूबाजारात, हायवेपासून चार पावलं आत. सोनाराकडे लोक दागिने करायला येतात, तसेच सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी कापून घ्यायलाही येतात. कोणाला गांधीलमाशी चावलेली असते, कोणाची दहा वर्षांत बोटं जाड झालेली असतात. अंगठीखाली पातळ पत्रा सरकवायचा, वर पाणी सोडत बारीक करवत चालवायची. कातडीला ओरखडा न येऊ देता मी हे करतो, आणि त्याची मला भलतीच घमेंड होती.

म्हणूनच माझा शाळेपासूनचा दोस्त त्या दुपारी माझ्याकडे आला. तो कारंजा रोडवर जीप चालवायचा. आल्या आल्या त्यानं शटर अर्धं ओढायला लावलं. बस म्हटलं तर बसेना.

"हासू नको," तो म्हणाला. "हासला तं याद राख."

मग त्यानं सांगितलं. नवरा-बायकोनं मोबाइलवरून एक वस्तू मागवली होती. पुरुषानं नाजूक जागी घालायचा स्टीलचा छोटा पिंजरा, मागं एक कडं, आणि दोन्ही जोडणारं इवलंसं कुलूप. चावी बायकोजवळ. असलं काही जगात असतं हेच मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "वहिनीनं जबरदस्तीनं घातलं काय रे?"

"नाही बापा. दोघायच्या राजीखुशीचं हाय. आमाले आवडते. तुले काय करा लागते?"

कुलूप उघडलं होतं, पण कडं निघत नव्हतं. अंदाजानं मागवलेलं, मापापेक्षा लहान. रात्रभर घालून झोपला होता आणि सकाळी सूज आली होती. मी हसलो नाही. पत्रा लावला, करवत चालवली आणि कडं कापलं. तो स्टुलावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. खरं सांगतो, त्या दिवशी मी चांगला माणूस होतो.

पुढं तर मी त्याला दोऱ्यानं माप घेऊन चांदीचं नवीन कडं करून दिलं. कडा कानशीनं गोल केल्या, आतून आरशासारखं पॉलिश केलं. आणि कारागीर बोलतो तसं त्याला दटावून सांगितलं. करंगळी आत सरकली पाहिजे, एवढं सैल हवं. आधी तास-दोन तास घाल, एकदम रात्रभर नाही. रोज काढून धू आणि कोरडं कर. दुसरी चावी घरात ठेव. जागा निळी पडली, गार लागली, बधिर झाली, तर लगेच काढ. नाही निघालं तर सरळ डॉक्टरकडे जा, लाजू नको. आणि तब्येत सुटली की माझ्याकडे ये, मी कडं वाढवून देतो.

"येईन ना," तो म्हणाला. "तुह्याशिवाय कोनाकडं जाऊ?"

महिना झाला असेल. टपरीवर चहा घेत आम्ही पाच-सहा जण उभे होतो. गप्पा रंगल्या होत्या, प्रत्येक जण काहीतरी सांगून हशा मिळवत होता आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मग मी ते सांगितलं. नाव नाही घेतलं. "एक जीपवाला" म्हणालो, बस्स. लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या, एकाला ठसका लागला. काय सांगू, मला फार बरं वाटलं.

त्या दुपारी अर्ध्या शटरसमोर कोणाची जीप उभी होती, हे अख्ख्या बाजारानं पाहिलं होतं.

दोन दिवसांत त्याच्या जीपमधले लोक विचारायला लागले, "चाबी घरी राह्यली काय, ड्रायव्हरसाहेब?" वहिनी बचत गटात गेली की बायका तोंडाला पदर लावायच्या. शेवटी तिनं जाणं सोडलं. तो एकदाच आला, दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

"तुले हासाले माह्याशिवाय कोनी नाही भेटलं?"

चुकलो म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "अरे, गंमत केली. एवढं कायले मनावर घेतं?" तो पायरी उतरून गेला. मीच वर रागावलो. गंमत कळत नाही साल्याला, असं घरी येऊन बोललोसुद्धा.

पुढं ते दोघं रिठदला, तिच्या माहेरी राहायला गेले. जीप विकली. उन्हाळ्यात कळलं की त्याला अकोल्याला दवाखान्यात नेलं होतं. घरी बसून बसून त्याचं वजन वाढलं होतं. कडं घट्ट झालं होतं, वाढवून घ्यायला तो कुठं येणार होता? एके दिवशी ते अडकलं आणि जागा सुजली. दोन दिवस तो कोणाकडेच गेला नाही. तिसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा नेलं. डॉक्टरांनी जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं, बाकीचं काढून टाकावं लागलं.

माझं कडं होतं ते. माझ्या हातचं.

मी रिठदला गेलो. दारात वहिनी होती. तिनं पाणी विचारलं नाही, आत या म्हटलं नाही.

"मी हात जोडले होते त्यायच्यापुढं," ती म्हणाली. "म्हणलं, भाऊजीकडं चाला, ते कापून देतीन. ते म्हणाले, मेलो तरी चालीन, पन त्याच्या दुकानात नाही. मंग म्हणलं, डॉक्टरकडं चाला. तं म्हणे, तोही एखाद्या टपरीवर सांगीन."

मी म्हणालो, "वहिनी, मले एकदा भेटू द्या."

आतून त्याचा आवाज आला, "कोन हाय वं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तोंड न वळवता म्हणाली, "कोनी नाही."