कोण ओरडतंय ते बघू

आमचे हे कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचे. सांभाळायचे म्हणजे नक्की काय करायचे, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं धड सांगता यायचं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं की मी म्हणायचे, थंड खोलीत स्वेटर घालून बसतात. ते खरंही होतं. कंपनी पाइप बनवायची, आणि तिथले सगळे कॉम्प्युटर ज्या मोठ्या यंत्रांच्या जिवावर चालायचे ती सर्व्हर म्हणवणारी यंत्रं तापू नयेत म्हणून ती खोली गार ठेवलेली. माणूस गारठला तर गारठू दे. काकूंना एवढी माहिती पुरायची, आणि मग त्या आपला बिघडलेला प्रिंटर बिनदिक्कत आमच्याकडे आणून ठेवायच्या.

कुठल्याही सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की आमच्या घरात कोणाला तरी बाळ झाल्यासारखा आनंद. तिच्याबरोबर माहितीची पानं यायची, नवीन काय, दुरुस्त काय केलं, आणि अगदी शेवटी अजून कुठे काय अडतं ते. हे नाश्त्याला बसून ती पानं शेवटाकडून वाचायला लागायचे. "बघ, आपले दोष स्वतःच लिहून देतात. माणसांबरोबर अशी पानं येत नाहीत." मी म्हणायचे, तुमच्याबरोबर आली असती तर आमच्या बाबांनी नीट वाचली असती.

गंमत म्हणजे प्रत्येक नवी आवृत्ती ह्यांचंच एखादं काम काढून घ्यायची. पूर्वी कोणी पासवर्ड विसरलं की ह्यांना फोन यायचा. मग अशी आवृत्ती आली की लोक आपला पासवर्ड आपणच बदलू लागले. हे ती बसवून घरी आले ते शीळ घालत. अहो, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन कोणी शीळ घालतं का? पण ह्यांचं म्हणणं, आपल्यावाचून चालायला हवं, तरच आपण काम नीट केलं. ऐकायला बरं वाटतं असलं.

ह्यांच्या धंद्यात आणखी एक पद्धत आहे. एखादा जुना सर्व्हर कोण वापरतं हे कोणालाच ठाऊक नसतं. विचारायला जावं तर जो तो म्हणतो, राहू द्या, लागेल कधीतरी. म्हणून विचारायचंच नाही. गुपचूप बंद करायचा आणि कोण ओरडतंय ते बघायचं. कोणी ओरडलं तर पुन्हा चालू करायचा, नाही ओरडलं तर भंगारात. मी बालवाडीत शिकवते, ओरडण्यातलं मला कोणी शिकवायला नको. पण ह्यांनी ही पद्धत घरी आणली तेव्हा मात्र कपाळाला हात लावला. एकदा दाराच्या घंटेची वायर काढून ठेवली. आठवडाभर कोणी तक्रार केली नाही म्हणून हे खूश. तक्रार कोण करणार? पाहुणे बटण दाबून दाबून परत जात होते.

आणि एकदा माझ्या माहेरचं घड्याळ काढलं. भिंतीवरचं, जुनं, नेहमी थोडं मागे चालणारं. ह्यांनी ते उतरवून माळ्यावर ठेवलं. भिंत रिकामी झालेली मी त्याच सकाळी पाहिली. पण म्हटलं, मी का बोलू? बघू, विचारतात का. ते माझ्या ओरडण्याची वाट बघत राहिले आणि मी त्यांच्या विचारण्याची. दोघेही पक्के. शेवटी घड्याळ भंगारवाल्याकडे गेलं. मला फार वाईट वाटलं, पण तेव्हाही मी तोंड उघडलं नाही, आणि नंतरही कधी नाही.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मोठे साहेब ह्यांना म्हणाले, गरज असेल तर नंतरही आठवड्यातून दोन दिवस येत जा. ह्यांना ते दोन दिवस किती हवे होते ते मला ठाऊक. ते बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात स्वेटर दोनदा धुतला. कोणी दुसरा असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. हे म्हणाले, गरज आहे की नाही ते आधी तपासून बघू. मी शेवटचे दोन आठवडे रजेवर जातो, मला बंद केलंय असं समजा. कोणी ओरडलं तर येईन. स्वतःलाच चाचणी लावणारा माणूस कोणी पाहिलाय? मी पाहिलाय. संसार केलाय त्याच्याशी.

बरं, चाचणी लावायची तर थोडं तरी राखून ठेवावं की नाही? ह्यांच्या जागेवर एक बाई आल्या होत्या. त्यांच्यासाठी ह्यांनी सगळं लिहून काढलं, कुठे काय आहे, काय अडलं तर काय करायचं. मी म्हटलं, एखादी गोष्ट विसरा ना मुद्दाम. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चोरी करायला सांगत होते.

रजा लागली. फोन चार्जरला लावून जेवणाच्या टेबलावर. पहिल्या दिवशी म्हणाले, लोक संकोचत असतील. मग मला स्वयंपाकघरातून फोन करायला लावला, लागतो का बघायला. लागत होता. दुसऱ्या आठवड्यात एक नवी आवृत्ती आली. तिकडे नव्या बाईंनी ती बसवली आणि सगळं ठीक असल्याचा आपोआप येणारा निरोप ह्यांच्या फोनवर आला. "छान बसवली," हे म्हणाले. चहा अर्धा टाकून बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

तेव्हा माझी थट्टा संपली. मी बाल्कनीत गेले. हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "कोणीच ओरडलं नाही गं."

"माझ्या माहेरचं घड्याळ गेलं तेव्हा मी ओरडले होते का?"

हे वळले. मग हळूच विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून."

हे आत गेले आणि टेबलावरचा फोन उचलून त्यांनी स्वतःच नव्या बाईंना लावला. स्पीकर चालू करून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे मलाही ऐकू आलं. काही अडलंय का, ह्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, छे, काहीच नाही, तुम्ही सगळं लिहूनच ठेवलंय की. मग म्हणाल्या,

"तुमच्या खुर्चीवर मात्र अजून कोणी बसत नाही, सर. मीसुद्धा स्टुलावरच बसते."

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "खुर्ची उंच वाटत असेल. उजवीकडे खाली एक खटका आहे, तो ओढला की खाली येते. ते लिहायचं राहिलं."

रजा संपल्यावर हे किल्ल्या द्यायला गेले. मोठ्या साहेबांना ह्यांनीच सांगून टाकलं की कोणी ओरडलं नाही, दोन दिवसांची काही गरज नाही. नव्या बाईंना खुर्चीवर बसवून उंची नीट लावून दिली. घरी आले ते अंगात स्वेटर नाही. विचारलं तर म्हणाले, तिथेच ठेवला, खोली फार गार आहे.

मग दिवाणखान्यात घड्याळाच्या रिकाम्या खिळ्यासमोर जाऊन उभे राहिले. नवं आणू का, म्हणाले. मी म्हटलं, आता नको. मान हलवून पुन्हा बाल्कनीत गेले. दुपारचं ऊन होतं. एरवी ह्या वेळी ते थंड खोलीत असायचे. ती पाठमोरी, बिनस्वेटरची आकृती मला बघवेना.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि वर्गात काढते तो आवाज काढून ओरडले, "अहो!"

शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. हे कपाळावर चष्मा सरकवून धावत आले, काय झालं, काय हवंय, काय बिघडलं?

"काही नाही," मी म्हटलं. "आत या."